नऊ ऑगस्टची कादारवाती

जावातल्या क्लातेनच्या रेडिओवर रोज सकाळी ‘आजचा दिवस’ लागतो. निवेदक मास प्रिहातिन पेंगुळलेल्या आवाजात सांगतो, की आजच्या तारखेला कोणाची कॅसेट बाजारात आली आणि कोणता गायक वारला. बायका मिरच्या चिरताचिरता ऐकतात, मेलेल्यासाठी ‘अरेरे’ म्हणतात आणि पुढची मिरची उचलतात. कोणाचं काही बिघडत नाही. फक्त नऊ ऑगस्ट आला की हा कार्यक्रम कादारवातीच्या मानगुटीवर बसतो.

“आजच्याच दिवशी आपले लाडके पाक विर्यो आपल्याला सोडून गेले,” प्रिहातिन सांगतो, “आणि दैवाचा खेळ बघा, आजच्याच दिवशी त्यांच्या लेकीची पहिली कॅसेट आली होती.” एवढं बोलून तो गाणं लावतो. ते बापाचं असतं. लेकीचं गाणं त्या रेडिओवर आजवर एकदाही वाजलेलं नाही, आणि त्यात प्रिहातिनचा काही दोष नाही. लेकीनेच हात जोडून नको म्हणून सांगितलं होतं.

का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. पाक विर्यो तंबाकरेजो गावचा. लग्न असो, सुंता असो, त्याच्या संथ जुन्या चालींशिवाय आमच्याकडे मांडवाला शोभा नव्हती. पुरुषाच्या मानाने त्याचा आवाज कोवळा होता आणि बाईच्या मानाने कादारवातीचा भारदस्त, त्यामुळे दोघांचे आवाज मधेच कुठेतरी भेटायचे. पण पोरीला बापाची गाणी म्हणायची हौस नव्हती. ती तंबाखूच्या वखारीत पानं ओवायला जायची. तिथल्या बायकांच्या थट्टा, त्यांचे पिवळे पडलेले हात, संध्याकाळची चुकलेली बस, अशा गोष्टींवर तिने स्वतः गाणी जुळवली. सोलो शहरातल्या एका दुकानदाराने त्यांची कॅसेट काढली. नऊ ऑगस्टला, शुक्रवारी, आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातल्या वागेच्या दिवशी, ती दुकानात आली. दुकानदाराने दाराशी कर्णा लावला आणि कादारवातीला नवे कपडे घातलेल्या बाहुलीसारखं शेजारी उभं केलं. रस्त्यावरचे लोक थांबून ऐकत होते. हातगाडीवाल्या एका म्हाताऱ्याने ‘वखारीचं गाणं’ पुन्हा लावायला सांगितलं. इतकी खूश ती पुन्हा कधीच झाली नाही.

रात्रीच्या बसमधल्या रेडिओवरच तिने ऐकलं, की पाक विर्यो आज गेले; घरी पोचली तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. बापाचं हृदय बंद पडलं होतं.

आमच्याकडे आईबापाच्या मरणाच्या जोडवाराला, म्हणजे वार आणि बाजारदिवस मिळून, गेब्लाग म्हणतात; तो पस्तीस दिवसांनी फिरून येतो. त्या वारी नवं काही सुरू करायचं नाही. घराचा पाया नाही, लग्न नाही, दुकान नाही. केलंच तर ते नासतं. आणि हिच्या कॅसेटचा तर जन्मच त्या दिवशी झालेला. बारसं आणि मयत एकाच मांडवात. कादारवातीने उरलेल्या कॅसेटी दुकानदाराकडून परत आणल्या, विहिरीमागे खड्डा खणून पुरल्या, आणि ती गाणी पुन्हा तोंडातून काढली नाहीत. गुणगुणलीसुद्धा नाहीत.

दुसरीकडे बापाने लग्नसराईच्या सुपाऱ्या घेऊन ठेवलेल्या. वादकांची पोटं त्यावर. पहिल्या आठवड्याचं जेवण उरकल्याबरोबर तिला बापाच्या जागी उभं केलं. एका नवरीच्या आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि शेवटी रडत म्हणाले, “विर्यो आला रे.” झालं. तेव्हापासून लोक तिच्यासमोर डोळे मिटूनच बसतात. चाळिसाव्या दिवसाला, शंभराव्या दिवसाला ती घरी नव्हती, कुठल्या तरी मांडवात बाप होऊन गात होती. नवरा सुगियांतो चेष्टेत म्हणायचा, “माझं लग्न तुझ्याशी झालंय की सासऱ्याशी?” पुढे चेष्टा कमी झाली आणि तो सुमात्राला कामाला गेला, तो तिकडचाच झाला. लोकांनी तिची कीव केली आणि त्याच आठवड्यात बापाचं विरहगीत म्हणायला बोलावलं.

यंदाच्या नऊ ऑगस्टची गोष्ट. दर वर्षीप्रमाणे गावाने पाक विर्योच्या आठवणीत अंगणात मांडव घातला होता. सकाळी म्बाह कासान आला. गावातल्या मेलेल्यांना न्हाऊ घालणारा हा म्हातारा आता स्वतःच वाकून गेलाय. मांडवातल्या वायरी बघून तो कुरकुरायला लागला, की संध्याकाळी वीज गेली तर काय करणार, एक गॅसबत्ती असू द्या. मग चहाचा घोट घेऊन सहज म्हणाला, की तुझ्या बापाच्या वेळी मी गॅसबत्तीच्या उजेडातच सगळं केलं होतं.

कादारवाती म्हणाली, रात्रीपर्यंत का थांबवलं होतं?

“थांबवलं कुठे? मगरिबचा ढोल वाजला तेव्हा तुझा बाप पायरीवर बसून पाय धूत होता. मी मशिदीत जाताना त्याला हाक मारली, तो म्हणाला, तू हो पुढे. नमाज आटपून आलो तर हा आडवा. पाय ओलेच होते.”

म्हातारा पुढे वायरींवर बोलत राहिला. कादारवाती हातातला ताट पुसायचा फडका तसाच धरून बसली.

सरकारचा दिवस मध्यरात्री बदलतो. आमचा दिवस सूर्य बुडाला की बदलतो. मगरिबच्या ढोलानंतर मेलेला माणूस शुक्रवारी मेलेला नसतो. तो शनिवारचा, वागेचा नव्हे, क्लिवनचा. रेडिओची तारीख खोटी नव्हती, पण गेब्लाग तारखेला लागत नाही, वाराला लागतो. कॅसेट शुक्रवारी आली होती. तिच्यावर कसलाही डाग नव्हता. आई दर वेळी शुक्रवारी दिवेलागणीनंतर फुलं वाहायची, गुरुवारी नाही; शुक्रवारचं गेब्लाग असतं तर ते गुरुवारी दिवेलागणीलाच लागलं असतं. हे कादारवातीने शंभरदा पाहिलं होतं आणि दिवसा आईला बाजारातून सवड नसते, असं स्वतःशी समजून घेतलं होतं. शेंबड्या पोराला कळावं ते तिला कळलं नव्हतं. कारण त्या रात्री बसमधल्या रेडिओने ‘आज’ म्हटलं, आणि दुःखात माणूस वार मोजत बसत नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. आई, बू सुकिनेम, चुलीपुढे तांदळाचे आपेम वाफवत होती. अंगात काही उरलं नव्हतं, पण त्या दिवशीचे आपेम ती दुसऱ्या कोणाला करू देत नसे.

“बू, बापाचं गेब्लाग कुठलं?”

“क्लिवनचा शनिवार,” आई झाकण उचलत म्हणाली. मग तिचा हात थांबला. तिने लेकीकडे पाहिलं नाही.

“मी कॅसेटी पुरल्या तेव्हा तू विहिरीवर उभी होतीस.”

“होते.”

“मग बोलली का नाहीस?”

आईने झाकण परत ठेवलं. बराच वेळ ती चुलीतली राख सारखी करत राहिली. आधी म्हणाली की पहिल्यांदा तिलाही सुचलं नव्हतं, घरात मयत असताना कॅसेटीकडे कोण बघतं. पुढे सुचलं, तेव्हा कादारवाती नवरीचे आजोबा रडले त्या लग्नाहून आली होती आणि न्हाणीत बापाचं गाणं म्हणत होती.

“मी इथे बसून ऐकलं,” आई म्हणाली. “वाटलं, कोणी गेलंच नाही घरातून. म्हटलं, चार दिवस राहू दे असंच. मग आणखी चार दिवस. सांगितलं असतं तर तू तुझी गाणी घेऊन सोलोला गेली असतीस, पोरी. मी इथे कोणाचा आवाज ऐकला असता?”

“बू, माझं सगळं आयुष्य गेलं.”

“गेलं,” आई म्हणाली. “मला माहीत आहे.”

रडावं की चुलीवरचं भांडं उलथावं, कादारवातीला कळेना. म्हातारीचा राग येत होता आणि म्हातारीचे खांदे हलताना बघवतही नव्हते. शेवटी तिने आपेम टोपलीत काढले, कारण ते जास्त वाफेवर राहिले तर चिकट होतात. पण एक गोष्ट तिने तिथेच ठरवली. आज ‘वखारीचं गाणं’ म्हणायचं. एकदा तरी लोकांनी कादारवातीला ऐकायचं.

संध्याकाळी मांडव भरला. प्रार्थना झाली, आपेम वाटले गेले. प्रिहातिन सूत्रसंचालनाला आला होता. कादारवातीने वादकांना नुसता सूर मागितला आणि सुरू केलं. शब्द सगळे आठवले, एकही हलला नव्हता. पिवळे हात, ओवलेली पानं, चुकलेली बस. पण चाल वर चढताना आवाज आपोआप थोडा थांबला आणि हळूच घरंगळला, अगदी बाप घरंगळवायचा तसा. तिने पुढच्या कडव्याला ते टाळायचा प्रयत्न केला. जमलं नाही. इतक्या वर्षांत गळ्याला दुसरी वाटच ठाऊक राहिली नव्हती. समोर सगळे नेहमीसारखे डोळे मिटून बसले होते.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. प्रिहातिनने डोळे पुसत माईक हातात घेतला. पाक विर्योंचं हे गाणं आजवर कुठे लपून होतं, असं त्याने लोकांना विचारलं.

कादारवातीने माईक त्याच्याकडून काढून घेतला. “हे माझं आहे,” ती म्हणाली. “मी लिहिलंय, चालही माझीच. बापाने हे कधी म्हटलेलं नाही.”

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी मायेने हसली.

“तुझंच गं बाई! बापाचं ते लेकीचंच असतं की.”

सगळा मांडव हसला, कौतुकाने, भरल्या डोळ्यांनी. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असलेली बू सुकिनेम तेवढी हसली नाही. तिने तोंड उघडलं, पुढे एक पाऊलही टाकलं, पण त्या गलक्यात तिचा म्हातारा आवाज कोणाला ऐकू जाणार होता? मागून कोणीतरी ओरडून नेहमीचं विरहगीत मागितलं. ढोलकीवाल्याने कादारवातीला न विचारताच ठेका धरला होता.

लोकांनी पुन्हा डोळे मिटले. कादारवातीने ते गाणं म्हटलं.