आईनं पाहिलेलं खग्रास

माझ्या वेळी पोटुशी असताना आईला एका ग्रहणात माजघरात बसवून ठेवलं होतं. खिडकी बंद. चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचं नाही, खाजवायचंसुद्धा नाही. ती बसली. पुढे मी स्कूटर नाल्यात घातली, किंवा एका मंत्रालयाची फाइल भलत्याच मंत्रालयात पाठवली, की ती म्हणायची, "एवढं सगळं पाळलं, तरी तू असा निघालास."

त्यामुळे दिल्लीहून गाडीनं चारेक तासांवर, राजस्थानात, खग्रास सूर्यग्रहण दिसणार असं पेपरात आलं तेव्हा आई चकलीचा सोऱ्या हातात घेऊनच बाहेर आली.

"मी येणार. ज्याच्यासाठी मला कोंडलं, तो प्रकार एकदा बघायचाय मला."

"अगं, इथून गच्चीतूनही दिसेल की. थोडासा राहील, एवढंच."

"थोडासा का राहील? मला पूर्ण कोंडलं होतं."

ग्रहण नेमकं लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. तोवर मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मी ग्रहणाचा जाणकार म्हणून स्वतःची नेमणूक करून घेतली होती. जिन्यात भेटेल त्याला अडवून सांगायचो, "भाईसाहब, नंगी आँख से एक सेकंड भी नहीं!" हे मी पेपरातल्या लेखात वाचलं होतं. लेखाचा उरलेला भाग आतल्या पानावर होता. तो वाचायचा राहिला, कारण त्या पानावर चकल्या निथळत होत्या.

करोल बागेत गाडीच्या सामानाच्या बाजारातून वेल्डिंगच्या काळ्या काचा आणल्या. बायकोला एक, मला एक. आईचा हात थरथरतो, म्हणून तिच्यासाठी काच पुठ्ठ्यात बसवून मुखवटाच केला आणि मागे बांधायला पायजम्याची नाडी लावली.

पहाटे निघालो. आईच्या मांडीवर फराळाचा डबा, त्यात वर तुळशीचं पान. पायाशी पाण्याचा कॅन, ग्रहण सुटल्यावरच्या अंघोळीसाठी.

"आई, एक चकली?" मी विचारलं.

"ग्रहण सुटल्यावर."

"पण तू तर ग्रहण बघायलाच निघालीस!"

"एक नियम मोडतेय. बाकीचे काय पाप केलंय त्यांनी?"

बाजरी काढून झालेल्या एका शेताच्या कडेला गाडी लावली. आसपासच्या गावातली बरीच माणसं बांधावर जमली होती. मी आईला मुखवटा चढवला आणि अंबाड्याखाली नाडीची गाठ मारली. सुटू नये म्हणून दुहेरी. त्यावर आणखी एक.

सूर्य कडेनं खाल्ला जायला लागला. काचेतून तो हिरवट दिसत होता, नखाच्या कातरणासारखा. "अहो, खाली बघा," बायको म्हणाली. कडुलिंबाच्या सावलीत, पानांच्या फटींतून पडलेला उन्हाचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक इवलीशी कोर होती. शेतभर कोरी सांडल्या होत्या. हे असं का होतं, ते समजावून सांगायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मलाही माहीत नाही. ऊन असूनही ऊब गेली होती. सावल्यांच्या कडा धारदार झाल्या होत्या. कबुतरांचा एक थवा गोंधळून दोनदा उठला, दोनदा बसला.

आणि एकाएकी बांधावर आरडाओरडा झाला. माझ्या काचेत मात्र मिट्ट काळोख.

"गेला रे," मुखवट्याआडून आई म्हणाली. "काहीच दिसत नाही. आता काय?"

"थांब, ढग आला असेल. काच काढायची नाही!"

"अहो, कसला ढग!" बायको ओरडली. तिची काच केव्हाच खाली आली होती. "काढा ते! आईंचं काढा आधी! सूर्य पूर्ण झाकलाय, आता उघड्या डोळ्यांनीच बघायचं असतं!"

मी काच खाली केली. भोवती सांजवेळ होती, सगळ्या क्षितिजावर तांबूस. हे सगळं मिनिटभरही टिकत नाही, एवढं मात्र मी पहिल्या पानावर वाचलं होतं. मी धावत आईच्या पाठीशी गेलो. गाठ सुटेना. नखं लावली. दात लावले.

"अरे, केस! केस ओढतोयस!"

"हलू नकोस गं!"

"आत्ताही हलू नको?" आई कडाडली. तिनं दोन्ही हातांनी पुठ्ठा धरून मुखवटा कपाळावर ढकलला. अंबाडा सुटला. तिनं वर पाहिलं.

"अगंबाई," ती म्हणाली. एवढंच.

मीही मान वर करणार, तोच उजेडाची सुई डोळ्यात घुसली. मी घाबरून एक हात माझ्या डोळ्यांवर ठेवला, दुसरा आईच्या. संपलं होतं.

ग्रहण पूर्ण सुटल्यावर आईनं कॅनमधलं पाणी पायांवर घेतलं, थोडं डोक्यावर शिंपडलं, अंघोळ झाली असं जाहीर केलं आणि डबा उघडला. परतीच्या वाटेवर मी तोच एक प्रश्न विचारत होतो.

"कसं होतं गं?"

"शेगडीवर तवा उपडा घातला, आणि जाळ कडेनं बाहेर आला, तसं. पण जाळ पांढरा. आणि गार."

"मला तर फुलासारखं वाटलं," बायको म्हणाली.

"फुलासारखं की तव्यासारखं? नक्की काय ते सांगा ना!"

आईनं माझ्या हातावर एक चकली ठेवली. मग ती खिडकीतून त्या नेहमीच्या, गोल, तापलेल्या सूर्याच्या दिशेला वळली.

"मला तेव्हा बघू द्यायला हवं होतं रे," ती म्हणाली. "तू कदाचित जरा बरा निघाला असतास."