नाकातला दोरा

कुणाच्याही हळदीला परशुराम भोईर आला की बायकापोरं त्याच्याभोवती कोंडाळं करत. तो खिशातून मेण लावून ताठ केलेला दोरा काढी, एका नाकपुडीत सारी आणि दुसरीतून ओढून दाखवी. टाळ्या पडत, नवे पाहुणे तोंडात बोट घालत. डोंबिवलीच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्रोमच्या टाकीवर मुलामा चढवून नळ आणि पाइप चमकवले, त्याचं हे बक्षीस, असं तो ऐटीत सांगे.

त्या नारिंगी टाकीतून सतत बारीक पिवळी वाफ उठे. नव्या माणसाचं नाक काही महिने जळे, रक्त येई, खपल्या धरत. मग कधीतरी नाकपुड्यांमधला पडदा आरपार फुटे आणि जळजळ थांबे. जुने कामगार पाठ थोपटत, “पास झालास!” मालक रोज गुळाचा खडा वाटे, गुळाने आतलं सगळं साफ होतं म्हणे. कसलं साफ नि कसलं काय! नाक फुटल्याचा सत्कार करणाऱ्यांना भोळे म्हणावं की आंधळे? परशुरामला वास येणंही कधीच बंद झालं होतं. बायको सगुणा म्हणे, बरंच आहे, माझ्या स्वयंपाकाला नाकं मुरडत नाहीत.

सहा वर्षांपूर्वी काम सोडताना त्याने मालकाच्या हातापाया पडून मुलाला, प्रितमला, त्याच टाकीवर चिकटवलं. भावकी म्हणाली, खाण तशी माती.

यंदा खोकल्यातून रक्त पडलं. ठाण्याला डॉक्टर ऋजुता मॅडमनी तपासण्या केल्या, फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं सांगितलं आणि विचारलं, “काका, काम काय करायचात?” परशुरामने सवयीने दोरा काढून नाकातून ओढून दाखवला. मॅडम हसल्या नाहीत.

“शरीरातल्या पेशींना सल्फेट लागतं,” त्या म्हणाल्या. “ते आत घ्यायला त्यांना दारं असतात. तुमच्या टाकीतला क्रोम थेट सल्फेटसारखा दिसतो. पेशी फसते, दार उघडते. आत गेला की तो रूप बदलतो आणि मग बाहेर पडत नाही. पेशीने कसं वागायचं, कधी थांबायचं, हे डीएनएत लिहिलेलं असतं. क्रोम त्यालाच चिकटतो, तोडतो. पेशी जोडत बसते, आणि जोडता जोडता चूक राहते. अशा चुका साठल्या की एखादी पेशी मरायची सोडून वाढतच सुटते.”

परशुरामला हे लगेच उमगलं. हळदीला नवा झब्बा घालून कोणी आला, तर तू कोणाकडचा म्हणून कोण विचारतो? जेवायला बसवतातच.

“आनि ह्या भोक?”

“ते बक्षीस नाही, काका. नाकातून किती क्रोम गेलाय, त्याची खूण आहे. आतलं काम वीस-पंचवीस वर्षं चालतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही.”

खोपटच्या एसटी डेपोतून बस धरून घरी येताना त्याला स्वतःच्या मरणाची फारशी भीती वाटली नाही. प्रितमचं नाक शाबूत असेल का, एवढंच डोक्यात घुमत होतं. प्रितमने कधी तक्रार केली नव्हती, आणि बापानेही कधी विचारलं नव्हतं. शाबूत असेल तर उद्यापासून कामावर पाठवायचा नाही. देवा, एवढं ऐक!

प्रितमची सुट्टी होती. बाहेरच्या खोलीत तो मोबाइल बघत बसला होता. परशुराम समोर टेकला.

“प्रितम, त्या टाकीवरचा काम सोड.”

“का, बाबा? आता तर सेट झालोय मी.”

तेवढ्यात शेजारी गेलेली सगुणा धावतपळत आली आणि तडक स्वयंपाकघरात घुसली. “सुकट जलून कोलसा झायली! सगल्या आलीत वास सुटलाय. तुमी दोघं हितं बसून, एकालापन वास नाय आला?”

“नाय गं,” प्रितम म्हणाला.

परशुरामचा हात खिशातल्या दोऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. प्रितमने ते पाहिलं आणि हसत त्याच्या खिशातून दोरा काढून घेतला. “आन इकडं. मलापन जमतंय.”

त्याने मान वर करून दोरा नाकात सारला. दुसऱ्या नाकपुडीतून पांढरं टोक बाहेर आलं.

सगुणा जळकी कढई हातात घेऊन दारात उभी होती. तिचा राग कुठल्या कुठे पळाला. “बापाच्याच वळनावर गेलाय,” ती कौतुकाने म्हणाली.

ठाण्याला डोळ्यांतून टिपूसही न काढलेला परशुराम तिथेच ओक्साबोक्शी रडू लागला.