आईचं कापलेलं अर्धं वाक्य

फोन वाजला आणि त्यातून माझी आई ओरडली.

मद्रासच्या टोकाला, पेरुंगुडीच्या एका कंपनीत, सहाव्या मजल्यावर, मी मीटिंगचं टेबल पुसत होते. एका इंजिनिअरचा मोबाईल टेबलावर पडला होता. त्यातून आवाज आला, "डेय! लॉरी उन अप्पन वीट्टुदा?" म्हणजे, पाण्याची लॉरी तुझ्या बापाच्या घरची आहे का रे? पाठोपाठ दणदणीत ठेका. सगळे खदाखदा हसले. नवा रिंगटोन होता. हाउसिंग बोर्डाच्या वस्तीवर कुणी हिप-हॉपचा अल्बम काढला होता, त्यातला.

एक मुलगी माझ्याकडे वळली. "तू पण बोर्डातच राहतेस ना? पाण्यासाठी असंच भांडता ना तुम्ही? म्हणून दाखव की."

आणि मी म्हणून दाखवलं. पहिल्या अक्षराला ओळखलं होतं, ही आई आहे. तरी कमरेवर हात ठेवून, आईसारखी मान उडवून म्हटलं. त्यांच्याबरोबर हसलेसुद्धा. थू माझ्या जिनगानीवर! नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही. मग संडास धुवायला गेले आणि कडी लावून रडले. नळाला धो धो पाणी होतं.

आमच्या घरी नळच नाही. बाप सांगलीकडून मद्रासला आला, सोनं वितळवायच्या दुकानात राबला, ॲसिडच्या धुरानं फुप्फुसं जळून मेला. नुंगंबाक्कमच्या मागे नाल्याकाठी आमचं झोपडं होतं. ते पाडलं आणि आम्हाला भांड्याकुंड्यांसकट लॉरीत घालून पेरुंगुडीच्याही पलीकडं बोर्डाच्या ब्लॉकमध्ये टाकलं. चौथा मजला, एक खोली. पाण्याची लॉरी चार दिवसांनी येणार. आली की प्लास्टिकच्या घागरी घेऊन खाली पळायचं.

आईनं नुंगंबाक्कमचं भांड्यांचं काम सोडलं नाही. दोन बस बदलून जायची. त्या घरची माणसं तंजावरकडची मराठी, मराठा राजांच्या वेळेपासून इथली. मालकीण कौतुकानं सांगायची, "आमची भाषा बोलणारी बाई मिळाली." भाषा एक. आईचा पेला मात्र मोरीत, वेगळा. आम्ही मांग, हे आईनं सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं.

त्या घरचा मुलगा गाणी करायचा. एकदा तो आमच्या ब्लॉकवर आला, गळ्यात रेकॉर्डर अडकवून. "आम्ही पण मराठीच, अक्का. तुम्ही बोला, मी ऐकतों." एवढ्यावर आई विरघळली. मालकिणीच्या मुलानं अक्का म्हटलं! साऱ्या ब्लॉकला सांगत सुटली, आपलाच माणूस आहे, घाबरू नका. तीन दिवस तो आमच्या जिन्यात बसला. आईनं चहा केला तर म्हणाला, उपास आहे. तिन्ही दिवस उपासच होता. घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही त्यानं, आणि आला होता आमच्या पाण्यावर गाणी करायला.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आईला विचारलं, "त्या पोरापुढं का ओरडलीस तू?"

आई म्हणाली, "आगं, पाण्याच्या सायबाला ऐकवनार हाय तो. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. सायबापातूर जायला नको का?"

घ्या! असं त्यानं सांगितलं नव्हतं. तीच तसं धरून चालली होती. शिकलेला मुलगा वस्तीत येऊन बायकांचं बोलणं भरून नेतो, तो तक्रारीसाठीच ना? दुसऱ्या कशासाठी नेईल? तो तिथं उभा होता म्हणून माझ्या आईनं घसा फोडला होता.

"काय बोललीस सगळं? परत सांग."

तिनं सांगितलं. पहिलं तमिळमध्ये, ते रिंगटोनमधलं. संताप चढला की आई आपल्या भाषेवर येते. पुढचं मराठीत होतं. "चार दिसांनी येतोस, आन् अर्धी टाकी आधी त्या कंपन्यांच्या बिल्डिंगीत वतून येतोस! त्यांचे संडास धुवायला पानी, आन् माज्या पोरीनं ते धुवून घरी यावं तर तोंड धुवायला थेंब न्हाई!"

लॉरीच्या ड्रायव्हरला मराठी कळलं नसेल. लायनीतल्या बायकांनाही नसेल. पण त्या पोराला कळलं होतं. त्या गर्दीत त्या एकट्यालाच कळलं होतं, आणि त्यानंच ते कापलं.

अल्बमचा कार्यक्रम नुंगंबाक्कमच्या एका हॉलमध्ये होता. आईला बोलावणं आलं, स्टेजवर यायचं, साडी देणार. मी म्हटलं, जाऊ नको, ते हसतात तुला. तिला पटेना. "सायेब आसंल तितं." तिनं ब्लॉकमधल्या बायकांचे अंगठे घेऊन अर्ज केला. धुतलेलं लुगडं नेसली. अर्ज घडी घालून कमरेला खोचला. मला तिला एकटीला सोडवेना, मीही गेले.

भिंतीवर आमचा जिना केवढा मोठा लावलेला. आमच्या घागरी, आमची वाळत घातलेली चिरगुटं. अल्बमचं नाव म्हणजे आमच्या ब्लॉकचा नंबर. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! पोरानं आईच्या तोंडाशी माईक धरला. "अक्का, तेवढंच म्हणा. पहिलं."

आई म्हणाली. हॉल हसून कोसळला. लगेच ठेका सुरू झाला. आई पुढचं बोलतच होती. ओठ हलत होते, आवाज कुणाला जात नव्हता. अर्ज हातात धरून ती पहिल्या रांगेत साहेब शोधत होती. एकेक तोंड बघत होती. पोरानं तिच्या हातात साडीचा खोका दिला, अर्जाच्या वरती.

मी स्टेजवर चढले. खोका काढून त्याच्या पायाशी ठेवला आणि मराठीतच विचारलं, "उरलेलं कुठाय?"

"तें ठेक्यांत बसत नव्हतं," तो म्हणाला.

बसणार कसं? माईक त्याच्या हातातून घेतला आणि आईचं उरलेलं वाक्य तमिळमध्ये सांगितलं, शब्दाला शब्द. वर म्हटलं, ती पोरगी मी. अर्धी टाकी तुमच्या बिल्डिंगीत जाते, तिथले संडास मीच धुते. मग कुणीतरी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच आहे.

परत येताना बसमध्ये आई म्हणाली, "सायेब न्हवताच म्हन की." अर्ज तसाच हातात होता.

सोमवारी कंपनीत तोच फोन वाजला. तीच मुलगी म्हणाली, "म्हण की गं." मी फडकं टेबलावर टाकलं. म्हटलं, "ही माझी आई आहे. त्या दिवशी मी तिची नक्कल केली, त्याची मला लाज वाटते. आता पुढचं ऐका." आणि पुढचं सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. त्या इंजिनिअरनं फोन उलटा ठेवला. सुपरवायझर म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस.

नाही गेले. दुसरीकडे लादी पुसते. लॉरी अजून चार दिवसांनीच येते, अर्धी. तो अल्बम अजून वाजतो, चहाच्या टपरीवर, शेअर ऑटोत. आईचा आवाज आला की मी तिथंच थांबते. ठेका सुरू व्हायच्या आत उरलेलं अर्धं मोठ्यानं बोलते. लोक वेडी म्हणतात, म्हणू देत. तो कापत राहील, मी जोडत राहीन. माझ्या आईचं अर्धं वाक्य ऐकून कुणाला हसू देणार नाही.