सहा शुक्रवारांची दारू

मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण अमरावतीला आमच्या नात्यातली तीन-चार माणसं अजूनही हे वाक्य ऐकलं की एकमेकांकडे बघतात.

बहरीनला मीना सलमान बंदराच्या गोदामांच्या रांगेत आमचं वर्कशॉप आहे. मी तिथे वजनकाटे तपासतो. काटा सोनाराचा असो की बंदरावरचा ट्रक तोलणारा, तो खोटं बोलत असेल तर त्याला खरं बोलायला लावायचं, हे माझं काम. अठरा वर्षं हेच करतो आहे, त्यामुळे स्वभाव थोडा किरकिरा झालाय. बायको म्हणते, थोडा नाही.

मालकाला आम्ही सगळे अरबाब म्हणतो. सत्तरी ओलांडलेला बहरीनी माणूस, बुदैयाला खजुराची बाग, मोडकीतोडकी पण ठसक्यातली हिंदी. त्याला म्हातारपणी डोहाळे लागले ते दुनळी रायफलीचे. आफ्रिकेत जायचं आणि दुनळीनं रानरेडा मारायचा. परवाने आणि शिक्के त्याच्या पुतण्यानं गोळा केले. बंदूक घरी ठेवायची नाही, दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या नेमबाजीच्या रेंजवर कपाटात राहणार, अशी अट होती.

रेंजवर पसंतीसाठी दोन दुनळ्या आल्या. एक नवी, तिच्यावर नक्षीत हरणं पळत होती. दुसरी जुनी, दस्ता ओरखडलेला, दाखवायला आणलेल्या थोरल्या बहिणीसारखी गप्प. अरबाबनं मला बोलावून घेतलं. "तुम वज़न वाला आदमी. बोलो, कौन सा?"

मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तोल कळतो. मी दोन्ही एकेक करून बोटांवर तोलल्या. नवी नाकाकडे झुकत होती. जुनी बरोबर मधोमध, बिजागरीपाशी थांबली आणि हललीच नाही. म्हटलं, ही.

उचलली जीभ लावली टाळ्याला. अरबाब म्हणाला, "तुमने चुना, अब तुम ही इसको सीधा करो."

सीधा करायचं कारण असं. दुनळीच्या नळ्या समांतर दिसतात, पण नसतात. पुढे त्या एकमेकींकडे किंचित झुकवलेल्या असतात, कारण उजवा बार उडाला की बंदूक उजवीकडे ढकलली जाते आणि डावा उडाला की डावीकडे. झुकाव आणि धक्का यांचं जमलं, तर पन्नास पावलांवर दोन्ही गोळ्या एका जागी लागतात. आणि हे जमणं सगळं दारूवर. ही बंदूक ज्या काडतुसांवर जुळवली होती ती आता बनत नाहीत. म्हणून काडतुसं हातानं भरायची, रेंजच्या खोलीत, तिथल्या अधिकाऱ्यासमोर. दारू कमी पडली की दोन गोळ्या दोन गावांना जातात, जास्त झाली की एकमेकींना ओलांडून जातात. अर्ध्या दाण्याचा, म्हणजे पाव गुंजेचा फरक. म्हणून वजनवाला आदमी.

आता माझी अडचण सांगतो. माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ती बारावीपर्यंत इथेच शिकली, मग आईबरोबर अमरावतीला गेली, इंजिनीअर झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. मुलाकडची माणसं उत्तम. मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, तिथल्या विहाराचं सगळं तेच बघतात, आणि पंचशील नुसतं म्हणत नाहीत, पाळतात. त्यांची एकच अट होती, घरात व्यसन नको. मी छाती फुगवून म्हटलं होतं, गुरुजी, आमच्या घरात सुपारीसुद्धा नाही.

लग्नासाठी महिनाभराची रजा हवी होती. अर्ज अरबाबच्या टेबलावर होता. त्यानं वाचला, घडी घातली आणि पितळी वजनाखाली ठेवला. "पहले दो नली का शादी," तो म्हणाला, "फिर बेटी का. इंशाल्ला."

बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जीवहत्या करनार नाही असं इकडे आले का विहारात म्हनता आन् तिकडे रेडे मारता का? मले नाही पटत."

"मी कुठं मारतोय? मी फक्त दारू मोजतोय."

"काऊन, ते दारू का रेड्याले पाजतेत?"

तिला पटलं नाही. मलाही फारसं पटलं नव्हतं. पण रजा हवी होती, म्हणून मी ते शील लग्नानंतर बघू, असं मनाशी ठरवलं.

तर शुक्रवार सुरू झाले. माझ्या जोडीला माझा रूमपार्टनर असायचा. तो रत्नागिरीचा कोकणी मुसलमान, वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळतो. त्याच्या आज्यानं ठासणीच्या बंदुकीनं वाघ मारला होता. निदान पहिल्या शुक्रवारी वाघ होता. तिसऱ्या शुक्रवारपर्यंत तो तरस झाला. किती दारू, किती अंतर, कुठली गोळी कुठे, हे सगळं तो लॅपटॉपवर मांडायचा. अरबाबचा खांदा दुखरा, म्हणून बार मी काढायचे. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ते मी साक्षात भोगलं, खांदा माझा होता.

पाचव्या शुक्रवारी रूमपार्टनर चुलत्याला आणायला विमानतळावर गेला होता. त्या दिवशी सगळंच बिनसलं. शेवटच्या बाराला धक्क्यानं माझं बोट दुसऱ्या चापावर गेलं आणि दोन्ही बार एकदम झाले. मी पाठीवर, टोपी वाळूत. अरबाब खुर्चीतून न उठता म्हणाला, "खलास?"

परतताना गाडीत मी रूमपार्टनरला व्हॉइस मेसेज टाकला. तो पुढे इतक्या वेळा ऐकवला गेला की मला पाठ आहे.

"अरे, आजही जमलं नाही. आधी दारू कमी पडली. अरबाब म्हणाला वाढव, मी वाढवली, तरी दोघं दोन दिशेला. शेवटी दोन बार एकदम झाले आणि मी आडवाच. लोकांनी उचलून बसवलं. खांदा सुजलाय. पण काही झालं तरी लग्नाच्या आत हे जमवायचंच. पुढच्या शुक्रवारी अजून थोडी वाढवू."

तो मेसेज रूमपार्टनरला गेला नाही. यादीत त्याच्या नावाच्या अगदी वर 'मंगल परिणय, दोन्ही घरं' हा ग्रुप होता. तिथे दोन्हीकडची त्रेचाळीस माणसं होती. खांदा दुखत होता, म्हणून मी फोन खिशात टाकला आणि घरी जाऊन झोपलो.

सकाळी गुरुजींचा फोन आला. ते एरवी कधी फोन करत नाहीत.

"जयभीम साहेब. खांदा कसा आहे?"

मला वाटलं, बायकोनं सांगितलं असेल. म्हटलं, "जयभीम गुरुजी. बरा आहे. शेकतोय."

"हे किती दिवसांपासून चालू आहे?"

"पाच शुक्रवार झाले."

"दर शुक्रवारी?"

"हो ना. बाकीचे दिवस ड्यूटी असते."

"स्वतःच्या इच्छेनं?"

"छे हो. मालकाचा आग्रह. त्याला आता झेपत नाही, म्हणून त्याच्या वाट्याचंही मीच घेतो."

"वहिनींना कल्पना आहे?"

"आहे. तिला अजिबात आवडत नाही. पण मी म्हटलं, लग्न होईपर्यंतच. एकदा जमलं की सोडून देणार."

"लग्नात तर हा प्रकार नसेल ना?"

मला हसू आलं. "गुरुजी, विमानात कोण आणू देणार?"

गुरुजी हसले नाहीत. "घरात बोलून कळवतो," म्हणाले आणि फोन ठेवला. 'घरात बोलून कळवतो' याचा अर्थ लग्न जमवणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा.

मी काही समजायच्या आत बायकोचा फोन आला. ती ओरडत नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर. "अहो, ग्रुप पाहा," एवढंच म्हणाली. मी पाहिला. माझ्या मेसेजखाली मुलाच्या मावशीनं हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. मुलाच्या मामानं नुसतं 'घ्या' असं लिहिलं होतं. मी माझाच मेसेज त्यांच्या कानानं ऐकला. बहरीनला दारू उघड मिळते, त्यामुळे त्याचं नाव अमरावतीत आधीच जरा ओलं आहे. त्यात हे.

"पोरीचं लगन मोडलं तं मी तुमाले माफ करनार नाही," बायको म्हणाली. मी त्या वेळी खरोखर घाबरलो होतो. लग्न मोडण्यापेक्षाही, माझ्या मुलीचं लग्न बापाच्या दारूपायी मोडलं असं चार लोक म्हणतील, याची भीती जास्त होती.

रूमपार्टनर म्हणाला, "अरे येडा झालास काय? मी आहे ना साक्षीला." आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं माझ्याच फोनवरून ग्रुपवर दणकून मेसेज सोडला. "सलाम. मी रत्नागिरीचा. मुसलमान आहे, दारूला हात लावत नाही, खोटं बोलणार नाही. ती प्यायची दारू नव्हती, बंदुकीची होती. बार म्हणजे बंदुकीचा बार. यांना पिता येत नाही. हे फक्त आफ्रिकेतले रेडे मारायची तयारी करतायत."

आगीतून फुफाट्यात. पाच मिनिटांत गुरुजींचा फोन. त्यांचा आवाज वर्गातला झाला होता.

"साहेब, म्हणजे पाचवं शील वाचवायला तुम्ही पहिलं मोडलंत."

खरं होतं.

त्या संध्याकाळी मी बुदैयाला गेलो. अरबाब बागेत नळीनं खजुरांना पाणी देत होता. मी एका दमात सांगितलं की मला हे काम नको, रेडा मारायच्या कामात मी नाही, रजा नाही दिली तरी चालेल. चालणार नव्हतं, पण बोलून गेलो.

अरबाबनं पाण्याची नळी खाली टाकली. अंगातला पायघोळ कंदुरा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पट्ट्या बांधलेले दोन गुडघे मला दाखवले. "कौन सा भैंसा? यह टांग जीप पर चढ़ेगा? भैंसा मफी. आफ्रिका मफी." मफी म्हणजे नाही.

"फिर बंदूक किस लिए, अरबाब?"

तो थोडा खजील झाला. "चालीस साल से सुनता हूँ, अच्छा दुनाली एक जगह मारता है. देखना था. बस."

म्हणजे पाच शुक्रवार आम्ही निशाण्याच्या कागदाच्या जिवावर उठलो होतो. मी तिथेच उभ्या उभ्या गुरुजींना फोन लावून हे सांगितलं. ते म्हणाले, "कागद जपून ठेवा. मला बघायचा आहे."

सहाव्या शुक्रवारी मी अर्धा दाणा वाढवला. उजवा बार, मग डावा. दुर्बिणीतून बघितलं तर एकच भोक, जरा लांबट. डावी गोळी चुकून वाळूत गेली असं मला वाटलं. रूमपार्टनर धावत कागद घेऊन आला. दोन भोकं एकमेकांना चिकटली होती. अरबाबनं कागद हातात घेतला, उन्हाकडे धरला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यानं बरोबर आणलेल्या अर्जावर सही तिथेच झाली, गाडीच्या बॉनेटवर.

कागदाचा फोटो गुरुजींना पाठवला. त्यांनी लिहिलं, 'जमलं म्हणायचं. लग्नाची तारीख तीच.' ग्रुपवर मावशीनं पुन्हा हात जोडले, या वेळी फुलांसकट. मामा गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. एवढ्या गोंधळात तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी उत्साहानं सगळी गोष्ट सांगितली, नळ्यांचा झुकाव, धक्का, अर्धा दाणा, आणि घाई केली असती तर ते कसं कधीच जमलं नसतं, तेही. ती ऐकत होती.

"बाबा," ती म्हणाली, "सिक्स फ्रायडेज फॉर टू पाइप्स?"

"मग! सोपं नसतं ते."

"अँड फॉर मी, वन चहा."

खरंच एकच चहा झाला होता. पोहे, चहा, दोघं गॅलरीत दहा मिनिटं उभे, आणि घरच्यांनी आत बसून तारीख धरली. मी फोनवरूनच सगळ्यांना म्हटलं होतं, जमलं. अठरा वर्षं लोकांचे काटे तपासणारा माणूस.

"मुलगा आवडला नाही का?"

"आय डोन्ट नो, बाबा. दॅट्स द पॉइंट."

मला जड गेलं, पण विचारलं. "तुला किती शुक्रवार पाहिजेत?"

या वेळी ती मराठीत बोलली. "आधी सहा द्या. मग मी सांगते."

मी खिशातून अर्ज काढला. अरबाबची सही तशीच ठेवली आणि तारीख खोडली. मग गुरुजींना फोन लावला. ग्रुपवर काही टाकलं नाही.