पहिला शुक्रवार आणि कंपासपेटी

माणसाचं चारित्र्य बालपणी घडतं आणि जन्मभर टिकतं, असं आमच्या शाळेचं ठाम मत होतं. जिन्यावरच्या भिंतीवर ते इंग्रजीत रंगवलेलंही होतं. माझं चारित्र्य पाचवीत असताना, एका शुक्रवारी, सकाळी नऊ ते साडेअकराच्या दरम्यान घडलं. त्यात गणिताचा तास बुडाला.

शाळा अंबरनाथमधली, सिस्टरांची. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कॅथलिक मुलींना कॅटेकिझम, म्हणजे त्यांच्या धर्माचे धडे, आणि उरलेल्यांना मॉरल सायन्स, अशी आमची वाटणी होती. मॉरल सायन्सच्या पुस्तकातली मुलं खरं बोलत आणि धड्याच्या शेवटी त्यांना बक्षीस मिळे. कॅटेकिझममध्ये काय मिळतं ते आम्हाला माहीत नव्हतं. फक्त त्यांचा तास लवकर सुटे.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मात्र सगळ्या शाळेला शेजारच्या चर्चमध्ये मिस्सासाठी, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेसाठी, नेत. आम्ही मागच्या बाकांवर. पुढचे उठले की उठायचं, पुढच्यांनी गुडघे टेकले की टेकायचे. आमची भक्ती त्यांच्याहून अर्धा सेकंद मागे असे. शेवटी कॅथलिक मुली रांगेने वेदीपाशी जात आणि फादर त्यांना पांढरी, पातळ, गोल चकती देत. आम्ही जायचं नाही, हे आम्हाला कुणी कधी समजावून सांगितलेलं नव्हतं. बाकाच्या टोकाला एक सिस्टर उभी असे, तेवढं पुरे होई.

त्या शुक्रवारी ती सिस्टर तापाने आजारी होती. नेहमीचे फादरही नव्हते. बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यांवर राहून काम करणारे एक म्हातारे फादर आले होते.

माझ्या शेजारी माझी सिंधी मैत्रीण होती. शेजारच्या सिंधी वसाहतीत, कॅम्प तीनमध्ये, तिच्या वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. ती म्हणाली, "चल ना. प्रसाद है. प्रसाद को ना नहीं बोलते."

"अपने को नहीं देंगे."

"लाइन में खड़े रहेंगे तो देंगे. लाइन में सबको देते हैं."

या तर्कात मला तेव्हा खोट दिसली नाही. आम्ही रांगेत शिरलो.

आता आमच्या घरची पद्धत सांगायला हवी. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात प्रसाद बंद होता. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि तिथे दर महिन्याला कुणाची ना कुणाची पूजा असे. पप्पांनी त्यावर नियम केला होता: खायचं नाही, पण कुणी मनापासून दिलं तर हात मागे घ्यायचा नाही, टाकायचं तर मुळीच नाही. घरी आणायचं आणि शेजारच्या काकूंना द्यायचं. काकूंना सगळे देव चालत. पप्पांच्या खात्यातला अर्धाअधिक शिरा काकूंच्याच पोटात गेला असेल.

वेदीपाशी मैत्रिणीने तोंड उघडलं आणि चकती खाऊन ती परत फिरली. मी प्रसादाला पसरतात तसे दोन्ही हात पसरले. फादर क्षणभर थांबले. पण माझ्यामागे मोठी रांग होती. त्यांनी चकती तळहातावर ठेवली.

"मीठा नहीं है," बाकावर आल्यावर मैत्रीण म्हणाली. "नमक भी नहीं."

वर्गात आल्याआल्या मी माझी चकती काकूंसाठी कंपासपेटीत ठेवली, कोनमापकाखाली.

पुढच्याच तासाला, गणिताच्या, पट्टीसाठी पेटी उघडली. पलीकडच्या बाकावरच्या कॅथलिक मुलीने आत पाहिलं आणि ती किंचाळली, "टीचर! इसके कंपास में जीझस है!"

गणिताच्या बाई बदलापूरच्या, जोशात आल्या की फळ्यावर खडू मोडणाऱ्या. त्या आल्या, त्यांनी पेटीत पाहिलं, आणि आधी चपला काढल्या. मग पेटी ओंजळीत धरून अनवाणी ऑफिसकडे निघाल्या. मागे मी. वर्ग आपोआप उभा राहिला. एवढा मान मला त्या शाळेत पुन्हा मिळाला नाही.

मोठ्या सिस्टरांनी पेटीवर पांढरा रुमाल घातला. "हे तुला कोणी शिकवलं?"

मॉरल सायन्सच्या पुस्तकाप्रमाणे मी खरं सांगितलं. "पप्पांनी."

कारखान्यात फोन गेला. मी बाहेर बाकावर बसले. माझ्या या शाळेतल्या प्रवेशासाठी पप्पा दोन वर्षं त्या ऑफिसात चकरा मारत होते, हे मला पाठ होतं. अभ्यास केला नाही की ते मला सांगितलं जाई. आता दाखला घेऊन घरी जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दाखला हातात देतात की पोस्टाने पाठवतात, तेवढं माहीत नव्हतं.

पप्पा सायकलवरून निळ्या कपड्यांत आले. हाताला ग्रीस होतं म्हणून ते बसले नाहीत. सगळं ऐकून ते म्हणाले, "सिस्टर, हम लोग प्रसाद नहीं खाते. पण वापस भी नहीं करते. उसने खाया नहीं, फेका नहीं. संभाल के रखा."

"मिस्टर, ये प्रसाद नहीं है."

"फिर?"

ती चकती म्हणजे साक्षात येशूचं शरीर आहे, असं सिस्टरांनी सांगितलं. पप्पांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मग कंपासपेटीत कशाला ठेवलंस? मला आधी विचारायचंस की."

सिस्टर काही बोलणार, तेवढ्यात म्हातारे फादर आत आले. त्यांनी रुमाल उचलला. कोनमापकाखाली चकतीचे दोन तुकडे झाले होते. त्यांवर पेन्सिलीचा भुसा आणि खोडरबराचे कण.

"कोणासाठी ठेवलं होतंस?" त्यांनी चांगल्या मराठीत विचारलं.

"शेजारच्या काकूंसाठी."

मग त्यांनी पेटीतलं सामान टेबलावर काढलं, दोन्ही तुकडे भुशासकट तोंडात घातले, पेटीत थोडं पाणी ओतलं, हलवलं आणि ते काळपट पाणी पिऊन टाकलं. तोंड जराही वाकडं केलं नाही.

"झालं," ते सिस्टरांना म्हणाले. "जपून ठेवलं होतं तिने. पाठवा वर्गात."

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, पप्पांच्या काळ्या हातांकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "गो टू युअर क्लास."

पप्पा सायकल घेऊन पुन्हा कामावर गेले. पेटी वाळायला ऑफिसच्या खिडकीत ठेवली होती. शेवटच्या तासाला चित्रकलेच्या सरांनी माझ्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे शाळेच्या डायरीत, लाल शाईने शेरा लिहिला: कंपासपेटी आणली नाही.