अडवलेला मेल

अन्वरच्या भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, माझ्या भावाच्या, गणेशच्या परतीच्या तिकिटाची प्रत काढत. "दादा गेला…" एवढंच तो म्हणाला. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. चाळिशीही न ओलांडलेला माणूस. आम्ही ऑफिसची मंडळी त्याच्या गावी, मुरूडला पोचलो तोवर दफनही आटोपलं होतं. आठवड्याभराने माझा भाऊ घरी आला. ज्याच्यामुळे तो आला, त्याला त्याने कधी पाहिलंच नाही.

न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं करणाऱ्या आमच्या ऑफिसात अन्वर कॉम्प्युटर सांभाळायचा. एकदा बिलाच्या नावाने आलेला मेल कोणीतरी उघडला आणि व्हायरसने साऱ्या फायली गिळल्या. त्यानंतर त्याने कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर आमचा स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कोणालाही मोकळं असलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरून. येणारा प्रत्येक मेल व्हायरसच्या आणि फसवणुकीच्या अशा दोन चाळण्यांतून जायचा. संशय आला की एका वेगळ्या कप्प्यात अडकायचा. तो कप्पा फक्त अन्वरलाच उघडता यायचा. "कचरा साठवतोस कशाला? परस्पर पुसून टाक ना," साहेब म्हणाले. "मशीन आहे साहेब, चुकतं कधीकधी," एवढं बोलून अन्वरने काही पुसू दिलं नाही.

पुढे, गणेश खलाशी होता ते जहाज परक्या मुलखात बंदराबाहेर नांगरलेलं राहिलं. मालक गायब, पगार बंद, मग फोनही बंद. घरी मेल कोणाकडेच नव्हता; त्याला पाठ होता तो माझ्या ऑफिसचा पत्ता. "काय कललं का गं, सुरेखा?" आई रोज दारातच विचारायची. मी रोज सकाळी मेल उघडायचे. काहीच नाही. कचेऱ्यांतून एकच उत्तर यायचं, जहाज सुरक्षित आहे. बंदरात भोंगा वाजला की मी खिडकीशी जायचे… एका रविवारी अन्वर आपण होऊन, मलाही घेऊन ऑफिसात आला आणि म्हणाला, "ताई, अडवलेले बघूया का?" हजारो होते. लॉटरी, औषधं, परदेशातल्या वारसाहक्काच्या थापा. संकटात आहे, तातडीने मदत करा, असं तर दर दुसऱ्या मेलमध्ये. दुपारपर्यंत तो एकेक उघडून वाचत राहिला, आणि अचानक थांबला.

तातडीने मदत करा, असाच मथळा होता. कधीमधी पाणी आणणाऱ्या लाँचवरच्या खलाशाने गणेशसाठी किनाऱ्यावरच्या कुठल्याशा कॉम्प्युटरवरून तो पाठवला होता, सोबत फोटोंची दाबून भरलेली झिप फाइल. चाळणीला ते सगळं फसवणुकीसारखंच दिसलं. आत गणेशने लिहिलं होतं, पाणी संपत आलंय, आणि आमच्या भंडारीकाकांचं इन्सुलिन संपलंय. भंडारीकाका म्हणजे जहाजावरचे म्हातारे स्वयंपाकी. मेल बरेच दिवस कप्प्यात पडून होता.

अन्वरने त्याच बैठकीत ते फोटो खलाशांच्या संघटनेला, वकिलातीला, सापडेल त्याला पाठवले. फोटो दिसल्यावर हालचाल झाली. पाणी आणि औषध घेऊन लाँच जहाजाला लागली. भंडारीकाका त्याआधीच गेले होते.

हे कळल्यावर अन्वर खुर्चीत बसला तो उठेचना. "ताई, ती चाळणी मी लावली." मी म्हटलं, "तूच शोधलास ना रे!" तो म्हणाला, "त्यांच्या घरी हे कोण सांगणार?" त्यानंतर तो रोज अडवलेला प्रत्येक मेल स्वतः वाचायचा. डबा तसाच परत न्यायचा. गालफडं बसली. सुटकेचे कागद महिनोन्‌महिने रखडले, आणि तो माझ्यापेक्षा जास्त खंगत गेला. "डॉक्टरकडे जा रे," म्हटलं की म्हणायचा, "गणेश आला की जातो."

गणेश आल्यावर मी त्याला मुरूडला घेऊन गेले. अन्वरची अम्मी ओट्यावर बसली होती. तिने त्याला न्याहाळलं, आणि माझ्या भावापुढे हात जोडले. "पोरा, तुझी चिठ्ठी माझ्या लेकाच्या मशीननं अडवली. लई जळला तो त्यासाठी. त्याला माफ कर."

जहाजावरून आल्यापासून गणेश धड बोलला नव्हता. तो तिच्या पायाशी बसला. "अम्मी, आम्ही सगळ्यांनी त्या खलाशाकडून आपापल्या घरी मेल पाठवले होते. बाकीचे कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नाही. माझा अडला, पण राहिला. म्हणून आम्ही जिवंत आहोत. भंडारीकाका तर मेल जायच्या आधीच बेशुद्ध होते, दोन दिवसांत गेले… किनाऱ्यावरून औषध यायला एवढे दिवस लागायचे की ते हाती लागलेच नसते."

अम्मीने त्याचा खांदा धरला. "हे त्याला कोनी सांगितलं न्हाय?"

जहाजावर काय घडलं ते आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं…

अम्मी उठली. गणेशचा हात धरून त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. अन्वरच्या खाटेवरची चादर कोणी हलवली नव्हती. उशाशी चष्मा. तिने गणेशला खाटेजवळच्या स्टुलावर बसवलं.

"हितं बस," ती म्हणाली. "मला सांगितलंस तसं सगळं सांग त्याला."

दार लोटून घेऊन ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आतून माझ्या भावाचा आवाज येऊ लागला.