आधी कोण बोललं, ते लिही

डॉक्टर गेल्याचं मला त्यांच्या पापडी गावातल्या दवाखान्याच्या पायरीवर कळलं. माझ्या पिशवीत लेखाची फ्लॉपी होती. आदल्या संध्याकाळी फोनवर त्याच म्हणाल्या होत्या, "उद्या सकाळीच ये, बाय. लेख स्वीकारलाय त्यांनी. फक्त संदर्भ नीट करून मागितलेत, आणि एक सही." मी पोचले तर दाराला कुलूप आणि बाहेर त्यांचे भाऊ, पास्कूअंकल. "पहाटे गेली गं... छातीत कळ आली, बस." एवढं बोलून त्यांनी खिशातून वैद्यकीय नियतकालिकाचं पाकीट काढलं. "तुला द्यायचं म्हणून टेबलावर वेगळं काढून ठेवलेलं." माणूस गेलं आणि माझ्या हातात संदर्भांच्या दुरुस्त्या. रडावं की रागवावं, कळेना. मी रागावले. मला तेच येतं.

त्यांच्या महिन्याच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. आमच्या भागातले एक पुढारी उठले आणि गहिवरून म्हणाले, "डॉ. रेजिना म्हणजे देवमाणूस!" याच गृहस्थांनी पाण्याच्या सभेत भर गर्दीत विचारलं होतं, "या बाईंकडे पुरावा काय?" विहिरींवर मोटारी लावून टँकर भरणाऱ्यांची बाजू घेऊन विचारलं होतं. मी उठायला गेले तर पास्कूअंकलनी मनगट धरलं. "बस खाली. भांडायला जन्म पडलाय. तिचा लेख गेला का?" नव्हता गेला. एका सहीसाठी अडला होता. ते पुढे सांगते.

आमची ओळख भांडणातूनच झाली. मी तेव्हा कॉलेज संपवून पाण्याच्या आंदोलनात पत्रकं लिहायचे. 'विहिरीत कालवलं विष!' असा मथळा मी दिला आणि गावभर वाटला. दोन दिवसांत डॉक्टरांचा निरोप. गेले. बाहेर पेशंट ताटकळलेले, आणि ह्या पत्रक समोर धरून विचारतायत, "कुठलं विष?"

"म्हणजे... लोकांना भिडावं म्हणून तसं."

"लोकांना मीठ कळतं. मीठ लिही."

नाकाला मिरची झोंबली. पण दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसले होते. टँकरवाले गोडं पाणी उपसून नेतात, मग विहिरीत समुद्र शिरतो. आणि जिथे पाणी खारं झालं तिथलेच पेशंट रक्तदाबाच्या तक्रारी घेऊन जास्त येतात, असं त्यांना दिसत होतं. ते त्यांना वैद्यकीय नियतकालिकात छापून आणायचं होतं. "सभेत आपण ओरडतो ते सभा संपली की संपतं," त्या म्हणायच्या. "छापलेलं खोडायला त्यांनाही छापावं लागेल."

लेख त्यांनीच लिहिला. संदर्भांची जुळणी माझ्याकडे. मी यादी केली आणि ऐटीत पुढे ठेवली. डॉक्टर वाचता वाचता हसायलाच लागल्या. मी सगळ्यात मोठ्या प्राध्यापकांना पहिला नंबर दिला होता, नावामागे 'डॉ.' आणि 'मा.' लावून, मग मानाप्रमाणे बाकीचे. पत्रकाखाली आम्ही नावं तशीच घालतो. आधी अध्यक्ष, मग कार्याध्यक्ष, तळाला कार्यकर्ते. एखाद्याचं नाव दोन ओळी खाली गेलं तर माणसं आंदोलन सोडतात!

"अगं, ही काय लग्नपत्रिका आहे? इथे मान नसतो. लेखात जो आधी येतो तो एक नंबर. मग तो कालचा पोरगा असो."

मला हे एकदम आवडलं. इतका न्याय मी कुठल्याच व्यासपीठावर पाहिला नव्हता. पण न्याय किचकट असतो. सुरुवातीला एक वाक्य घुसवलं की पुढचे सगळे नंबर सरकायचे, लेखात आणि यादीतही. मग नियतकालिकाच्या नावाचं ठरलेलं लघुरूप, वर्षानंतर अर्धविराम, खंडानंतर अपूर्णविराम, पानं. त्यात मूळ लेख स्वतः वाचल्याशिवाय त्या यादीत एक नाव घेऊ द्यायच्या नाहीत. ग्रंथालयातून झेरॉक्स आणायला मुंबईला पिटाळायच्या. मी चिडायचे, खुर्ची सोडून फेऱ्या मारायचे. "तुमचे अर्धविराम होईस्तोवर सगळ्या विहिरी खाऱ्या होतील!" त्या निर्मळ गावाहून आलेल्या केळ्यांची फणी माझ्याकडे सरकवायच्या. "खा. पोटात काही नसलं की तू पुढाऱ्यासारखी बोलतेस."

खरा तंटा झाला तो जानकीआजीवरून. कळंबची कोळीण, मासे विकायला गावोगाव फिरलेली. कुठली विहीर आधी खारट झाली, कुठली नंतर, हे तिला क्रमाने ठाऊक होतं. सरकारदरबारी त्याची नोंद कुठेच नव्हती. लेखाचा कणा तिचं सांगणं होता. मी तिला पहिला नंबर दिला. आधी ती बोलली ना? डॉक्टरांनी खोडला. नियम असा की तोंडी सांगितलेलं संदर्भयादीत जात नाही.

मी भडकले. "म्हणजे खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांना नंबर, आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरली तिला नाही?"

"नंबर नाही. जागा आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "वाक्यातच, कंसात, पूर्ण नावानं. प्राध्यापकांची नावं बघायला शेवटचं पान उलटावं लागेल. आजीला ओलांडून कुणाला पुढे वाचताच येणार नाही."

तर पाकिटातल्या पत्रात तेच अडलं होतं. अर्धविराम मी एका बैठकीत दुरुस्त केले. पण जानकी धर्मा तांडेल यांची लेखी संमती जोडा, नाहीतर ते वाक्य गाळा, असं संपादकांनी म्हटलं होतं. वाक्य गाळलं की कणा गेला. आणि मी दोनदा कळंबला जाऊन हात हलवत परतले होते. आजी बोलायलाच तयार नाही. टँकरवाल्यांची माणसं तिच्या दारात येऊन गेली होती. मुलगा म्हणाला, "आमाला हितं ऱ्हायचंय, ताई. तुमी भासन करून जाता."

शोकसभेनंतर मी तिसऱ्यांदा गेले. आजी ओट्यावर जाळ्याची गाठ सोडवत होती. मी भाषण सुरू केलंच, लढा, हक्क वगैरे. तिने हात वर करून थांबवलं. आत गेली, पितळी पेल्यात पाणी घेऊन आली.

"पी आदी."

मी पेला घेतला आणि खाली ठेवला. बोलायचं राहिलं होतं ना माझं!

"तू येतेस नि नुसती बोलतेस. डागतरीन आली, आदी पानी मागलान. सगला पेला रिकामा केलान, मंगच इचारलान. दर घरी तशीच. मी बोल्ले, बाय, तुला सोसत नाय ना मीठ? तर बोल्ली, तुमाला सोसतंय?"

त्या घरोघरी ते पाणी प्यायच्या, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांना स्वतःला रक्तदाब होता, जेवणातलं मीठही तोललेलं. लेखात कुठल्याच ओळीत हे नाही, आणि त्याला संदर्भ द्यायची सोयही नाही.

मी पेला उचलला. पहिल्या घोटालाच तोंड वाकडं झालं. आजी माझ्याकडे रोखून बघत होती. मी संपवला.

"हां," ती म्हणाली आणि जाळ्याच्या ओलीने भिजलेला अंगठा लुगड्याला पुसत पुढे केला. "आन तुजा कागूद."